पाचव्याची पाठ

माझे पप्पा ऐकायला चष्मा लावतात.

कान तसे ठणठणीत आहेत. पण कुणी काही सांगायला लागलं की ते हातातलं काम बाजूला ठेवतात, खिशातून चष्मा काढतात, बनियनच्या टोकाने पुसतात, नाकावर चढवतात आणि मग म्हणतात, "हां, बोल." बोलणारा थांबेपर्यंत त्यांची नजर हलत नाही. शाळेत असताना मला काही लपवायचं असलं की मी आधी तो चष्मा लपवायचो.

आम्ही शहाडला राहतो. स्टेशनकडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक तीन मजली बिल्डिंग आहे, तिच्या वरच्या मजल्यावर. पप्पा, मी आणि माझी बायको माया. आई जाऊन बरीच वर्षं झाली. गॅलरीतून उल्हास नदी दिसते. म्हणजे पाऊस संपून काही महिने गेले की नदी दिसत नाही, नुसती जलपर्णी दिसते. हिरवी, सपाट, वर बगळे चालतात. नवीन माणसाला ते मैदान वाटतं. खाली पाणी आहे हे सांगावं लागतं.

पप्पांचं नाव सीताराम. जवळच्याच एका कारखान्यातून रिटायर झाले. रविवारी सकाळी विहारात वंदना तेच घेतात. बावीस प्रतिज्ञा त्यांना कागद न बघता म्हणता येतात, पण त्यांचं खरं लाडकं वाक्य वेगळंच आहे: "मी सांगतो म्हणून नको. तपासून बघ." टीव्हीवर एखादा बुवा दिसला तर ते रागावत नाहीत. चष्मा लावतात.

मायाला पाचवा महिना लागलेला. पप्पा रोज संध्याकाळी तिला समोर बसवून विचारायचे, "आज काय म्हणतंय?" आणि ती सांगेल ते असंच ऐकायचे, जणू साक्ष चाललीय.

मी ठाण्याला, वर्तकनगरात, मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. घरी मी "सॉफ्टवेअर" एवढंच सांगितलेलं. खरं काम फक्त मायाला माहीत होतं.

मी देव बनवतो.

*

थारण देशाची उत्पत्ती
(खेळ उघडल्यावर पडद्यावर येणारा मजकूर)

आधी काही नव्हतं. मग पाच ड्रॅगन होते.

उमळने पाणी केलं आणि पाण्याकडे पाहिलं. कर्खने दगड केला आणि दगडाकडे पाहिलं. तेहाने विस्तव केला आणि विस्तवाकडे पाहिलं. सोवाने वारा केला. तो दिसेना, तरी ज्या दिशेने तो गेला तिकडे तिने पाहिलं. चौघांनाही आपापलं आवडलं.

पाचव्याने माणूस केला. आणि माणसाने मान वर करून पाचव्याकडे पाहिलं.

तोवर देवाकडे कुणी पाहिलं नव्हतं. पाचव्याला लाज वाटली. त्याने तोंड फिरवलं आणि तो आडवा झाला. त्याच्या पाठीवर माती साचली, गवत आलं. मणक्यांचे डोंगर झाले. आपण राहतो ती त्याची पाठ आहे.

(यापुढचं मी कापलेलं. ऑफिसातल्या विनीतने परत घालायला लावलं, कारण खेळात त्याचा उपयोग होता.)

चौघांकडे काही मागितलं तर ते तुमच्याकडे बघतात, तोलतात, मग देतात किंवा देत नाहीत. पाचवा बघत नाही. म्हणून पाचवा नेहमी देतो.

*

नावं मी चहा पिता पिता ठरवली. पाचव्याचं सुचलं नाही, तिथे "नंतर बघू" लिहून ठेवलं. ते नंतर आलंच नाही. ऑफिसात सगळे त्याला पाचवाच म्हणायला लागले.

यात लपवण्यासारखं काय होतं? खेळ तो. पण पप्पांनी जन्मभर जी एक गोष्ट उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती, तिच्यावर मी घर चालवत होतो. हे त्या चष्म्यासमोर मला बोलता येईना.

आणि ऑफिसात उलटं. तिथे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गणपतीत "तुमच्याकडे किती दिवसांचा?" असं आलं की मी "आमचा गावाला असतो" म्हणायचो. चौदा एप्रिलची सुट्टी मी कधी चौदा एप्रिलची म्हणून घेतली नाही. घरी पाहुणे आहेत म्हणायचो. ठाण्याला शहाड लपवायचं आणि शहाडला ठाणं. दोन्हीकडे मी गुणी मुलगा होतो.

*

खेळ बाजारात आला त्या दुपारी ऑफिसात पेढे होते, फुगे होते आणि टेबलावर मूर्ती होती.

मूर्ती संचिताने केलेली. ती आमची चित्रकार. तिने पाचवा थ्रीडी प्रिंटरवर छापून आणलेला, हातभर लांब, काळपट हिरवा, अंगावर खवल्यांच्या ओळी. तो आमच्याकडे पाठ करून होता. विनीतने त्याला धरून फिरवलं. पलीकडूनही पाठच.

"अगं, तोंड कुठाय याचं?" विनीत म्हणाला. तो कंपनीचा मालक, आमच्याच वयाचा, दाढीवाला.

"याला विचार." संचिताने माझ्याकडे बोट केलं. "यानेच लिहिलंय ना, बघत नाही म्हणून. मग मी दोन्हीकडून पाठ केली. डोळेबिळे करायची कटकट नाही."

"झकास. मागून पुढून सेम. इलेक्शनला उभा कर याला."

कुणीतरी झेंडूची माळ आणलेली, ती गमतीत त्याच्या अंगावर गेली. मग उदबत्ती आली. मग विनीतने खरंच नारळ काढला, आणि नारळ फुटल्यावर खोलीतली गंमत थोडी कमी झाली. लोकांनी चपला काढल्या. काढा असं कुणी म्हणालं नव्हतं.

"चल रे रत्नदीप, ताट घे. क्रिएटरनेच ओवाळायचं."

"मी नको यार. संचिता करेल."

"का? सुतक आहे का तुला?"

सगळे हसले. मला तीन शब्द पुरले असते: आम्ही करत नाही. विनीत वाईट माणूस नाही. "सॉरी यार, मला माहीत नव्हतं," म्हणून त्याने ताट संचिताच्या हातात दिलं असतं आणि आम्ही पेढे खाल्ले असते.

मी ताट घेतलं. संचिताने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी ओवाळलं. ताट खाली ठेवल्यावर हात मोकळे राहिले, म्हणून ते जोडले. डोळे मिटले. आणि तेवढ्यात मोबाइलचा आवाज आला, मग आणखी दोन-तीन. "पेजवर टाकतो," कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांना टॅग करतो."

डोळे मिटलेले असताना, मनातल्या मनात, पूर्ण वाक्यात मी म्हणालो: पप्पांच्या नजरेला हे पडू देऊ नकोस.

मी गंमत करत नव्हतो. खोटे हात जोडले असते तर एक वेळ चाललं असतं. ते हात खरे होते.

घरी येताना कल्याणला उतरून नळावर कपाळ धुतलं. रुमाल लाल झाला. तो मी घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवला.

*

"दीपू."

"हां, पप्पा."

"तुमच्या ऑफिसचा फोटो आलाय. कळव्याच्या राजरत्नने पाठवला."

"कसला?"

"पूजाबिजा केलेली दिसते. ही पाल कसली रे?"

"खेळातली आहे. ड्रॅगन म्हणतात त्याला."

"बरं. एक पोरगी आहे, एक दाढीवाला, आणखी तिघं-चौघं. मधे जागा सोडून उभे आहेत सगळे. तू कुठे होतास?"

"मी... चहा सांगायला खाली गेलेलो."

"तेच म्हटलं मी. राजरत्न म्हणतो, काका, मधे दीपू आहे बघा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू तपासून बघ. नाहीये."

मधे मीच होतो. फोटो मी नंतर मायाच्या फोनवर पाहिला. पाचव्याच्या अगदी समोर, मिटलेले डोळे, जुळलेले हात, कपाळावर ठसठशीत कुंकू. मायाने फोटो मोठा केला, माझ्याकडे बघितलं आणि फोन उलटा ठेवला.

मला हायसं वाटलं. लाज वाटायच्या आधी हायसं वाटलं, हा क्रम मला आठवतो.

पप्पा ते सगळं गॅलरीत उभे राहून, नदीकडे तोंड करून बोलले होते. त्यात मला वावगं काही वाटलं नाही. उजेडात फोन नीट दिसतो.

*

यानंतरचा भाग लिहायला घेतला की त्यात पप्पांचा चेहरा येतो. सवयीने येतो. मी खोडतो. तेव्हा दिसलं ते एवढंच:

पप्पा ओट्याशी चहा गाळताना, पाठ. पप्पा पेपर वाचताना, खिडकीकडे तोंड, पाठ. मी जेवायला समोर बसलो की त्यांना तेवढ्यात मागच्या फळीवरचं लोणचं हवं असायचं. मी दारातून आत आलो की ते वाकून चप्पल शोधत असायचे. मी सरकून पुढे गेलो तर ते त्याच क्षणी काहीतरी उचलायला वळायचे. प्रत्येक वेळी कारण असायचं, आणि प्रत्येक कारण खरं असायचं.

बोलणं मात्र नेहमीचं. उलट जास्तच प्रेमाचं. "दमलास का रे? मायाचं गोळ्यांचं बघ. खजूर आणलेत." आवाज पुढून यायचा, जिथे चेहरा असायला हवा तिथून. मला दिसायची मान.

मानेवर तीन आडव्या घड्या आहेत. उजव्या कानामागे एक गुळगुळीत डाग, कारखान्यात कधीतरी काहीतरी उडालेलं असणार. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. न्हावी मागचे केस नेहमी तिरके कापतो आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांत यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

एका सकाळी ते मोरीजवळच्या आरशासमोर दाढी करत होते. मी मुद्दाम मागे जाऊन उभा राहिलो. मागून बघितलं तर आरशात माणसाचा चेहराच दिसतो.

आरशात पांढरे, तिरके कापलेले केस होते. तीन घड्या. कानामागचा डाग. आणि वस्तरा कुठेतरी पलीकडे खरवडल्याचा आवाज येत होता.

"काय रे?" पप्पा म्हणाले. "आरसा हवाय का?"

*

"तुमचं दोघांचं काही झालंय का?" मायाने विचारलं.

"का गं?"

"पप्पा म्हणत होते, दीपू हल्ली तोंड दाखवत नाही."

"ऑफिसातून उशीर होतोय म्हणून म्हणाले असतील."

"असतील," माया म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी कपाटात काहीतरी शोधू लागलो.

*

विहारात मी नेहमी तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसतो. त्या रविवारी पुढे बसलो. वंदना झाल्यावर पप्पा मूर्तीकडून लोकांकडे वळले. लहान मुलं त्यांच्याकडे मान वर करून बघत होती, एक बाई हसून काही विचारत होती, पप्पा तिला उत्तर देत होते.

मला पांढरा सदरा दिसत होता. घामाने पाठीला चिकटलेला.

*

त्याच दुपारी मी सगळं सांगायचं ठरवलं. पप्पा दिवाणावर बसलेले. माया खाली बसून मटार सोलत होती. मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर घेतली. ते चार्जर काढायला वाकले. ते पुन्हा नीट बसले तेव्हा माझ्यासमोर बनियनची मागची बाजू होती, विटलेली, खांद्याजवळ शिवलेली. माझे गुडघे दिवाणाला टेकले होते.

"पप्पा, चष्मा लावा."

कोपर हलला. हात खिशाकडे गेला. बनियनचं टोक पुढे ओढलं गेलं, पुसल्याचा आवाज आला.

"हां, बोल."

मी पाठीला सगळं सांगितलं. नोकरी काय आहे ते. पाच देव. ऑफिसात मी कोण आहे हे कुणाला माहीत नाही ते. ताट, कुंकू, नळावर धुतलेलं कपाळ. आणि हात जोडून मी काय मागितलं, तेही शब्द न बदलता.

पंखा फिरत होता. मायाने सोलणं थांबवलेलं.

"गोष्टी रचतोस, त्याचं काय एवढं?" पप्पा म्हणाले. "पोरंसोरं खेळतात. मला सांगितलं असतंस तर मीच तुला दोन चुका काढून दिल्या असत्या." मग ते मांडी बदलून बसले. "हात जोडतो आपणही. रोज जोडतो. आठवायला जोडतो, मागायला नाही. ते चुकलं तुझं."

"हो."

"आणि तिथे आपलं नाव झाकून ठेवलंस, ते मला लागलं. तुझी आई गाठोड्यात पुस्तकं बांधून तुला शाळेत सोडायची. कुणी विचारायच्या आत आपण कोण ते सांगायची. ते लागलं, दीपू."

पाठीची दोन्ही हाडं बनियनखाली वर-खाली झाली. त्यांना रडताना मी आईच्या वेळीसुद्धा बघितलं नव्हतं. या वेळीही बघता आलं नाही.

"पण सांगितलंस. झालं. पुन्हा कुणापुढे मागायला हात जोडायचे नाहीत."

"नाही जोडणार."

"शब्द?"

"शब्द."

"मग आता इकडे बघ."

"बघतोय, पप्पा."

"कुठे बघतोयस?" त्यांचा आवाज एकदम थकला. "इतके दिवस गप्प बसलो मी. जेवताना पाठ. बोलताना पाठ. दाढी करायला उभा राहिलो तर आरशात येऊन पाठ करून उभा. आत्ता मुद्दाम खुर्ची ओढून पाठ करून बसलास. बापाला इतकं घाबरतात का रे? वळ."

वळायला मला दिशा नव्हती.

"काय चाललंय तुमचं?" माया हसली. मग तिचं हसणं विरलं. "पप्पा, समोर तर बसलाय तुमच्या. तुमच्या चष्म्यात दिसतोय की तो."



मग पप्पांनी हात पुढे केला असावा, कारण त्यांची बोटं माझ्या चेहऱ्याला लागली. कपाळ. गाल. नाकाचं टोक. डोळ्यांखाली ओल होती, तिथे अंगठा थांबला. ती बोटं मला दिसत नव्हती. दिसत होती ती मान, आणि तिच्यावरच्या तीन घड्या.

"किती ताठ झालीय मान तुझी," पप्पा हळूच म्हणाले. "मागच्या सगळ्या शिरा हाताला लागतायत."

*

थारण देशाची उत्पत्ती
(कापलेला भाग. हा परत घालायला कुणी सांगितलं नाही.)

पाचव्याने दिलेलं परत करायचं असेल तर ते पुन्हा पाचव्याकडेच मागावं लागतं. तो तेही देतो. तो बघत नाही.

*

हे मी लिहिलेलं आहे, म्हणून मला माहीत होतं. खेळात हा भाग नाही.

मूर्ती अजून ऑफिसात आहे, खिडकीजवळच्या टेबलावर. माळा सुकतात, नव्या येतात. कोण घालतं कळत नाही, विनीतला विचारलं तर तो म्हणाला, "मला वाटलं तूच." मी तिच्यासमोर दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा राहिलो. एक वाक्य. मनातल्या मनात. पप्पांना कधी कळलंही नसतं.

कळलंच नसतं. त्या विचारासरशी माझे कान तापले.

"काय रे, याला सोडवत नाहीये का?" संचिता मागून आली.

"याला चेहरा करता येईल का?"

"आता? वेडा झालास. लोकांना हाच आवडतो. चौघांना कुणी विचारत नाही. सगळे येतात आणि थेट याच्याकडे मागतात."

"काय मागतात?"

"मला काय माहीत." ती हसली. "तो बघत नाही, मग मी का बघू?"

तिला नावाने हाक मारून मी म्हणालो, "संचिता, आम्ही बौद्ध आहोत. त्या दिवशी मी ओवाळायला नको होतं."

"अरे, सांगायचं ना," ती म्हणाली. "मी केलं असतं." तिच्या तोंडावर माझ्यासाठी वाईट वाटल्याचा भाव होता, म्हणजे असावा. मी मूर्तीकडेच बघत होतो. हात खिशात होते.

*

मायाची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कल्याणला होती. पप्पाही आले. बाहेर बाकावर बसले, भिंतीकडे तोंड करून, भिंतीवरची सूचना वाचत.

आतल्या खोलीत अंधार आणि एसी. डॉक्टर बाई हसऱ्या होत्या. मायाच्या पोटावर जेल लावून त्यांनी यंत्र फिरवलं. ठोके ऐकवले. हात मोजले, पाय मोजले, डोकं मोजलं. "सगळं छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त बाळ पाठ करून बसलंय. चेहरा दाखवत नाही. लाजतंय."

माया हसली. मी खुर्चीची कड धरली.

"होतं असं. जरा फिरून या, काहीतरी गोड खा. वळतं."

आम्ही बाहेर आलो. पप्पांनी बाकावरून न वळताच पिशवीतला खजूर मागे धरला. मायाने दोन खाल्ले, रस्त्याच्या कडेने चालली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "वळ रे बाबा. आजोबा वाट बघतायत."

पुन्हा आत. पुन्हा अंधार. मायाने माझा उजवा हात हातात घेतला.

"हे बघा!" डॉक्टर म्हणाल्या. "वळलं. म्हटलं नव्हतं का? कपाळ, नाक, हे ओठ. अगदी समोर."

"अय्या," माया म्हणाली. तिचा आवाज फाटला. "रत्नदीप, बघ ना. सरळ आपल्याकडे बघतंय."

मी बघितलं.

काळ्या पडद्यावर पांढरे मणी होते. एकाला एक लागून, वाकडी ओळ, लांबून दिसणाऱ्या डोंगरांसारखी. ती ओळ श्वास घेतल्यासारखी किंचित उचलली गेली आणि खाली बसली. पलीकडे काहीतरी फडफडत होतं, पण ते पलीकडे होतं.

"नाक कुणावर गेलंय, सांगा बघू," डॉक्टर मला म्हणाल्या.

दोघी माझ्याकडे वळून थांबल्या होत्या.

"पप्पांवर," मी म्हणालो.

"बघा, बाबांनी लगेच ओळखलं."

माया रडत हसली. तिने माझा हात घट्ट दाबला, आणि तो सोडू नये असं मला फार वाटलं. एक हात तिच्याकडे होता तोवर दोन्ही जुळत नव्हते.

"झालं आपलं," डॉक्टर म्हणाल्या. "पुसून घ्या."

आणि जेल पुसायचा कागद घ्यायला मायाने माझा हात सोडला.